चिंबोरी कंपनीला लागली

—नाय नाय, उठू नका काका, बसा. त्या खुर्चीचा एक पाय हलतो, पण माणूस पडत नाय, अजून तरी कोण पडलं नाय. रोह्यावरून आलो बोललात ना, बास, पुढचं मला समजलं. कशाला आलात ते सांगू पण नका. पिशवी ठेवा खाली, पायाजवळ ठेवा. आई आत झोपलीय, म्हणून हळू बोलूया — म्हणजे मी हळू बोलतो, तुम्ही नुसतं ऐका, कारण तुम्ही तोंड उघडलंत की आवाज चढणार, अशा कामाला आलेल्या माणसाचा चढतोच, त्याचा राग नाय मला — पण मग ती उठणार. मला अडीचला नाक्यावरून कंपनीची बस हाय, सेकंड शिफ्ट. तेवढ्यात मिटवून टाकू. पाणी घ्या. टँकरचं हाय, पण उकळलेलं हाय.

तर ते गाणं. नूतनच्या लग्नातलं. तुम्ही नवऱ्याकडचे ना — मान अशी तिरकी हलवू नका, हो का नाय ते कळत नाय — बरं, असाल कोणतरी, लग्नानंतर सगळेच कोणतरी असतात. गाणं हाय ना काका, ते जुनं हाय. म्हणजे खूपच जुनं. लोकं बोलतात, हौसाबाईनं मांडवात भलतंच काय म्हटलं, तो धवलाच नाय, लग्नातलं गाणंच नाय, मग हळद लागली का नाय लागली, लगीन झालं का नाय झालं — मी ऐकलंय सगळं, वडखळला वडापावच्या गाडीवर पण ऐकलंय, पाव खाली ठेवून ऐकलंय. आता तुम्हीच मला सांगा. माझी आई, हौसा, चाळीस वर्षं धवलारीण हाय, धरमतरपासून पार तुमच्या रोह्यापर्यंत. भटजी किती पण मोठा आणा, आपल्या आगऱ्यांत धवलारीण उभी राहून धवला लावत नाय तोवर नवरीच्या अंगाला हळद लागत नाय. ती एक ओळ सोडते, मागं उभ्या बायका तीच ओळ झेलतात, मग ती दुसरी सोडते. चाळीस वर्षं. अशी बाई मांडवात चुकीचं गाणं म्हणंल? म्हणंल का? नाय म्हणणार. मग? म्हणजे गाणं बरोबरच हाय, तुम्हाला माहीत नव्हतं इतकंच.

म्हणून दाखवू? हळू म्हणतो.

चिंबोरी गो बाय, कंपनीला लागली
आडवी आडवी गेटातना गेली
वाचमन बोलं, आंगठा लाव बाय
आंगठा नाय गो, नांगी हाय

बघा आता. चिंबोरी कोण? चिंबोरी म्हणजे नवरी. खाडीतली, चिखलातली, माहेर सोडून चाललीय. आडवी का जाते? खेकडी हाय म्हणून नाय, लाजते म्हणून. आणि कंपनी — मला माहितीय तुम्हाला कंपनीचंच खटकलंय — कंपनी म्हणजे आपली एमआयडीसीतली नाय काका, कंपनी म्हणजे ती इंग्रजांची कंपनी. जुनी. म्हणजे गाणं दोनशे वर्षांचं तरी धरा. आंगठा तेव्हा पण घ्यायचे, कागदावर. वाचमन तेव्हा गोरा असंल. — कँटीन? कँटीन पण इंग्रजीच शब्द हाय ना, त्यांनीच आणला, जाताना इथंच राहिला. — साईराज? शेवटी साईराज येतं ते? जुन्या गाण्यांत नवरदेवाला साईराज बोलतात. असं ऐकलंय. — ओव्हरटाईम. हां. पाचव्या कडव्यात ओव्हरटाईम हाय. ओव्हरटाईमचं... नाय, तिथं मला पण अर्थ लागत नाय. जुन्या गाण्यांत असतं असं, अर्थ निघून गेलेला असतो, शब्द तेवढा पडून राहतो.

हसलात तुम्ही? मिशीत हसलात. नाय? खोकला. बरं.

असं बघू नका ओ माझ्याकडं. मला खोटं बोलायला काय वाटत नाय, उलट आवडतं, गावात कोणाला पण विचारा. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून मी एकदा बदकाच्या बारशाचं आमंत्रण दिलेलं, चौदा बायका आल्या, एकीनं बदकाच्या मापाची कुंची शिवून आणलेली. ती कुंची अजून हाय आमच्याकडं. पण ते वेगळं. ते कोणाला लागत नाय. तुम्ही एवढ्या उन्हात दोन एस्ट्या बदलून आलात, म्हणजे घरात भांडण झालं असणार, म्हणजे नूतनला कोणतरी बोललं असणार, आणि ती पोर काय बोलणार, तिला काय माहीत. नाय, मी सरळच सांगतो. ऐका. आणि आईला काय बोलायचं नाय, जे काय बोलायचं ते मला बोला.

गाणं मी लिहिलंय. तीन वर्षं झाली, शिमग्याला. मला तशीच गाणी सुचतात, काय करू, बाकीची पोरं पोरींवर लिहितात, मी गावच्या लाईटच्या डीपीवर लिहिलं — डीपीला ताप येतो आणि तो अख्ख्या गावाला अंधारात झोपवून स्वतः घाम पुसत बसतो, असं — मग माझा दोस्त तमीम, त्याच्या अब्बांची एक चप्पल हरवली तिच्यावर लिहिलं, सोळा कडवी, सोळाव्या कडव्यात चप्पल सापडते पण तोवर अब्बांनी दुसरी फेकून दिलेली असते. आणि सगळी धवल्याच्याच चालीत. दुसरी चालच येत नाय मला. बाप लवकर गेला, आईला लग्नांना जायला लागायचं, मग मला कोणाकडं ठेवणार, मी आपला मांडवात बायकांच्या परकरांत उभा, आणि बायकांबरोबर ओळी झेलतोय. पाच वर्षांचा असताना मला सगळे धवले पाठ होते. नवरीला तेल लावायचा, हळदीचा, देवक आणायचा, बाशिंगाचा. शाळेत कविता पाठ होत नव्हती, कारण त्या चालीत बसत नव्हती.

चिंबोरी ऐकून आई लोळलेली हसून. तेव्हा चांगली होती ती. चांगली म्हणजे — थांबा, सांगतो. शिमग्याला अंगणात बसून चिंबोरी तिनं स्वतः म्हटली, आळीतल्या बायका मागं झेलतायत, मी फोन धरलेला. चौथ्या कडव्यात चिंबोरीला सेफ्टी शूज देतात, दोनच देतात, पाय दहा, पण कंपनीचा नियम दोनच, तिथं तिला पुढं म्हणवेना, पदर तोंडात कोंबला. तरी सहाच्या सहा कडवी म्हटली. आणि शेवटी बोलली, "काय रं हे साईराज, मेल्या!" साईराज म्हणजे मी. नवरदेव-बिवरदेव काय नाय, ते मघाशी असंच बोललो. तर ते पण आलंय रेकॉर्डिंगमधे. फोनमधे तिचे धवले होतेच, चाली चोरायला मी घेऊन ठेवलेले, एकोणतीस. त्याच फोल्डरमधे तिसावी चिंबोरी. तिथं चूक झाली. म्हणजे चूक नाय, फोल्डर. बाकी सगळं त्याच्यानंतर.

तुम्ही पिशवी कशाला उघडताय? राहू द्या. आधी ऐका तरी.

गेल्या वर्षापासून ती कपडे वाळत घालायची आणि लगेच ओलेच काढून घड्या करायची. मला वाटलं घाई असंल. मग एकदा तिनं मला विठू म्हणून हाक मारली. विठू माझा मामा, तो वारलाय. मी बोललो, आई, विठू मेला. मी आपलं गमतीत बोललो. तर ती रडायला लागली, तशी नाय, आत्ताच कळल्यासारखी, ऊर बडवून, आळीतल्या बायका धावत आल्या, बोलल्या काय झालं, काय सांगणार, सात वर्षांपूर्वीचा मामा आज मेला. त्याच्यानंतर मी विठूच राहिलो. विठू बोलली की व्हय बोलायचं. कधी कधी नुसतंच 'ए पोरा' बोलते. पेणला डॉक्टरला दाखवलं, तो बोलला वयाचं हाय. एकसष्ट वय हे काय वय हाय का काका? तुमचं किती? — बघा.

पण एक हाय. कोण लग्नाचं बोलावणं घेऊन आलं ना, की तिची पाठ सरळ व्हायची. घरात कोण राहतं ते माहीत नाय, पण मांडवात कुठं उभं राहायचं, नवरीच्या डोक्यावर हात कसा धरायचा, बायकांना डोळ्यानं कसं दटवायचं, ते सगळं बरोबर. म्हणून मी कोणाला बोललो नाय. आणि मग गागोद्याकडं एक लगीन होतं, तिथं हळदीला उभी राहिली, पहिली ओळ सोडली, बायकांनी झेलली, आणि दुसरी आलीच नाय. उभी आपली. बायका थांबल्या. नवरी मान खाली घालून थांबली. तिच्या तोंडावर काका — लहान पोराचा जत्रेत हात सुटला ना की कसं होतं, तसं. मी मागून दुसरी ओळ सोडली. पुरुषाच्या आवाजात. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या, मला वाटलं संपलं आता, पण आईनं माझी ओळ उचलली, तिसरी मी सोडली, ती पण उचलली. घरी येताना रिक्षात बोलली, "आज गिरजाबाय व्हती मागं. तिचा आवाज घोगरा झालाय." गिरजाबाई म्हणजे जिनं तिला धवले शिकवले ती. ती पण वारलीय. ते मी सांगितलं नाय.

मग मी डोकं लावलं. माझं डोकं तुम्हाला आता समजलं असंल कसं हाय ते. तमीम कुवेतला असतो, त्यानं एका कानाचा ईअरफोन आणलेला, वाटाण्याएवढा. डोक्यावरून पदर घेतला की कान दिसत नाय. फोन माझ्या हातात, मी मांडवाच्या कापडामागं. रेकॉर्डिंग कसं हाय — आईची एक ओळ, मग बायका तीच ओळ म्हणतात, मग आईची दुसरी. तर कानात बायका म्हणत असतात तेव्हा आई मांडवात गाते, आणि कानात पुढची ओळ येते तेव्हा मांडवातल्या बायका झेलत असतात. एकदम बरोबर बसतं. मी काय मुद्दाम केलेलं नाय, आपला धवला आहेच तसा, त्याच्यात दुसऱ्यासाठी जागा ठेवलेली असते. आणि तिला काय वाटायचं, गिरजाबाई सांगते. स्वतःचाच आवाज, तीन वर्षांपूर्वीचा, आणि मला बोलायची, "विठू, गिरजाबायचा गला बरा झाला रं. काय कडक गाते." मी बोलायचो, व्हय.

अकरा लग्नं केली आम्ही अशी. अकरा. कोणाला समजलं नाय. एकदा फक्त वाशीनाक्याच्या पुढं एक हळद होती, तिथं ईअरफोनचं चार्जिंग संपायला आलं. तो बोलतो ना मधेच, बाईच्या आवाजात — बॅटरी लो. आईनं म्हटलं, "बॅटरी लो गो बाय." चालीत. बायकांनी झेललं, "बॅटरी लो गो बाय." डीजेवाला पळत जाऊन जनरेटर बघून आला. नवरीच्या आत्यानं नवरीच्या गालाला हळद लावली. झालं. पुढची ओळ मी मागून सोडली. कोणी विचारलं पण नाय. लोकं ऐकत नायत काका, लोकं नुसती उभी असतात. मला तेव्हा हसायला आलेलं. आता बोलतो तर येत नाय.

मग नूतनचं लगीन. मी आदल्या दिवशी डबल शिफ्ट केलेली, तरी जागा होतो, तिथं माझी चूक नाय. हळदीचा धवला चालू, अठ्ठाविसावा. तेवढ्यात एक जण आला, बोलला तुझी बाईक रस्त्यात हाय, बँडचा टेम्पो आत येत नाय. मी बोललो धवला संपू दे, तो बोलला टेम्पोवाला शिव्या देतोय. मी फोन खुर्चीवर ठेवला, फोन हलवला असता तर कनेक्शन तुटलं असतं, आणि पळालो. बाईक काढली. बाईक काढायला किती वेळ लागतो? तेवढाच लागला. पण टेम्पोवाला बोलला, मागं घे, अजून मागं, आणि तेवढ्यात अठ्ठाविसावा संपला, एकोणतिसावा छोटासा हाय, चार ओळींचा, तो आपोआप लागून संपला पण, आणि मी मांडवात शिरतोय तर आई डोळे मिटून, नूतनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतेय — आंगठा नाय गो, नांगी हाय. आणि तीसएक बायका मागून, एका सुरात — आंगठा नाय गो, नांगी हाय.

आता तुम्ही विचाराल, मग फोन बंद का नाय केला. विचारा ना. मी पळत गेलो, फोन हातात घेतला, बोट तिथंच होतं. पण बंद केला असता तर काय झालं असतं? ती गप्प झाली असती. दोनशे माणसांत. नवरीच्या डोक्यावर हात तसाच, आणि तोंडावर ते जत्रेतलं. मी मागून धवला सोडायचा म्हटला तर मधे डीजेचा भला मोठा बॉक्स, माझा आवाज पोचला नसता. काय करणार? तुम्ही असतात तर काय केलं असतं? चालू ठेवलं मी. चिंबोरीला जाऊ दिली पुढं. सहा कडवी हायत काका, मी सहा कशाला लिहिली! दुसरं झालं. तिसरं आलं —

कँटीनला गेली, ताट घेतलं हाती
कालवनात दिसली, सख्खी बहीन व्हती

हे मी हसवायला लिहिलेलं. तर नूतनची मावशी तोंडाला पदर लावून हुंदके देते. सख्खी बहीण ऐकून. तिची बहीण — नूतनची आई — नायच ना, गेली ती मागच्या गणपतीत. मावशी रडायला लागली तशा बाकीच्या रडायला लागल्या, रडता रडता झेलतायत, कालवनात दिसली, सख्खी बहीन व्हती. मी ते दुपारी जेवताना लिहिलेलं, बोटाला कालवण लागलेलं असताना. सेफ्टी शूजला दोन-चार पोरं फोन काढून शूटिंग करायला लागली, त्यांच्या लक्षात आलं, म्हाताऱ्यांच्या नाय आलं. पाचवं, सहावं. आणि मग शेवटी कानात आलं असणार ते — मी विसरलेलो ते, खरंच विसरलेलो — आईनं डोळे उघडले आणि चालीत म्हटलं, काय रं हे साईराज, मेल्या.

बायकांनी झेललं. काय रं हे साईराज, मेल्या. तीस बायकांनी.

नऊ महिन्यांनी तिनं माझं नाव घेतलं. आणि ती माझ्याकडंच बघत होती. म्हणजे मांडवाच्या कापडाकडं बघत होती, मी कापडामागं होतो. मला वाटलं — जाऊ द्या. मी घाईघाईत पुढं गेलो, बोललो, आई, काय बोललीस? ती बोलली, "विठू, गिरजाबाय आज येड्यासारकी कं गात व्हती रं?" बास. एवढंच. तिथनं सरळ घरी आलो, जेवायला पण थांबलो नाय.

तर हे असं हाय सगळं. आता तुम्ही घरी जाऊन सांगा, हळद लागलेली हाय. अठ्ठावीस आणि एकोणतीस खरे होते ना, हळदीचा तर अठ्ठाविसावाच, तो पुरा झालेला, चिंबोरी नंतर लागली, ती जास्तीची धरा. नूतनला परत पाटावर बसवू नका. कोणाला शिव्या द्यायच्या तर मला द्या, दारात उभं करून द्या, मी येतो रोह्याला, रविवारी सुट्टी हाय. फक्त आईचं बाहेर बोलू नका. ती विसरते हे. आणि कानाचं. लोकांना समजलं ना, तर एक पण माणूस बोलवणार नाय, आणि कोणी बोलवलं नाय तर ती ह्या पडवीत ओल्या कपड्यांच्या घड्या करत बसणार, दिवसभर, आणि तिला माहीत पण नसणार ती कोण होती ते. तेवढंच. बाकी मला काय नको तुमच्याकडून.

काय? पिशवी — बरं, उघडा. उघडा तर.

नारळ?

नारळ कशाला? हा नारळ, सुपारी, पान... हे तर बोलावणं हाय. तुम्ही भांडायला नाय आलात? मग मघापासून बोललात का नाय? — मी बोलू दिलं नाय. हां. ते बरोबर हाय. — मग नूतनचे तुम्ही कोण? कोणच नाय? पोरीच्या लग्नाचं बोलवायला आलात. अनिता तुमची मुलगी. वैशाखात. बरं. — आणि नूतनच्या घरी काय भांडण-बिंडण? नाय? तीच दाखवते सगळ्यांना? स्वतःच्या फोनवर? दाखवा.

आवाज कमी करा. — हे कोणी ढोल घातले मागं? हे ढोल नव्हते. — सव्वा लाख लोकांनी बघितलं? सव्वा लाख लोक काय करतात दिवसभर? — हां, हीच ती, आई. पदर बघा कसा नीट घेतलाय. आणि हे शेवटचं तीनदा-तीनदा का लावलंय? काय रं हे साईराज मेल्या, काय रं हे साईराज मेल्या — आणि हे कोण नाचतायत, हे तर मांडवातले नाय. वेगळंच लगीन हाय. — रोह्यात सगळ्या हळदींना हेच वाजतं. बरं. मला कंपनीत कोण बोललं नाय. का बोलले नाय, मला काय माहीत, हसत होते मागच्या आठवड्यात लॉकरजवळ, मला वाटलं माझ्या हेल्मेटला काय लागलंय.

म्हणजे तुम्हाला धवला नकोय. चिंबोरी पायजे. — धवला पण चालंल, पण चिंबोरी पायजेच. पोरीचा हट्ट. मैत्रिणींचा पण.

नाय, राग नाय आला. मला आवडायला पायजे खरं तर. माझं गाणं. मी असंच काय काय करत असतो लहानपणापासून, की कधीतरी अख्ख्या गावानं एकदम झेलावं, आणि आता झेललं, तर बघा ना. पण तुम्ही मघापासून सगळं ऐकलंत ना? कपड्यांचं, विठूमामाचं, कानाचं? ऐकलंत. आणि तरी बोलताय की मग सोप्पंच हाय, कानात लावा म्हणजे ती गाणार, तिला काय फरक पडतो.

तिला नाय पडत. बरोबर बोललात. ती गाणार. चिंबोरी लावली तर चिंबोरी गाणार, चप्पल लावली तर सोळा कडवी चप्पल गाणार, डोळे मिटून, तुमच्या अनिताच्या डोक्यावर हात ठेवून, तिच्या मनात तो धवलाच असणार, गिरजाबाईनं दिलेला. आणि समोर दोनशे माणसं फोन वर धरून उभी, कधी नांगी येते कधी मेल्या येतं त्याची वाट बघत. तेव्हा चुकून झालं काका. तेव्हा मी पळत आलेलो. तेव्हा बायका रडलेल्या तरी. आता मी कापडामागं उभा राहून मुद्दाम दाबायचं ते बटण? मी? माझ्याच आईला? — अहो पोरीची हौस मला समजते, पोरीची हौस — मी लई लोकांची गंमत केलीय, पण माणसाला कळतं ना की आपली गंमत केली, तो दगड घेऊन मागं तरी लागतो. तमीमचे अब्बा लागलेले. हिनं कोणाच्या मागं लागायचं?

नाय. जमणार नाय. वैशाखात नाय, जेठात पण नाय. डीजेवर लावा ना तुम्ही, फुकट हाय, सव्वा लाख लोक लावतायत. आई येणार नाय आता. कोणाकडंच नाय येणार, मी आत्ताच ठरवलं, तुमच्यासमोर, तुम्हाला सांगता सांगता. घ्या तो नारळ, पिशवीत घाला लवकर, तो दिसला ना की ती —

आई? उठलीस?

कोण नाय गो. नाय गो, कोण नाय आलं. — बघा, पदर घेऊनच आली. नारळ मागं घ्या, मागं, पाठीमागं धरा. — नाय गो आई, लगीन नाय कोणाचं. हे मीटरवाले हायत. लाईटचं मीटर बघायला आलेत. — उठा काका. उभे राहा ना. ते वर बघा, दाराच्या वर, डबा हाय. काच पुसा बोटानं, जाळं असंल. आणि आकडा वाचा, मोठ्यानं वाचा, तिला खरं वाटलं पायजे. — शून्य. हां. सात. चार. —

थांबा.

नाय गो आई. ते नाय घ्यायचं. ते गाणं नाय, ते मीटर हाय —

बघताय काय. आकड्यांना चाल लावली तिनं. डोळे मिटलेत. हात बघा, हात कसा पुढं धरलाय, खाली कोण नाय तरी. आणि थांबलीय. ओळ सोडली ना तिनं, आता मागून कोणतरी झेलायला पायजे, तोवर ती अशीच उभी राहणार, आणि इथं बायका कुठून आणू मी —

शून्य सात चार गो बाय...

जा काका तुम्ही. पुढचे आकडे मी वाचतो.